उभं वल्हं

१

तिसऱ्या ऑफिसरचं काम म्हणजे कारकुनीच, फक्त ती उभ्याने करायची. सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा ब्रिजवर पहारा. बाकीच्या वेळात झेंडे वाळवणं, जीवरक्षक होड्यांतली पाण्याची पिंपं तपासणं आणि कप्तानाची नजर चुकवून डुलकी काढणं. १९३३ साली मी मुंबई ते कोलंबो जाणाऱ्या एका मालवाहू बोटीवर तिसरा ऑफिसर होतो. वय तेवीस. पांढऱ्या कपड्यांत स्वतःला आरशात पाहायला मला फार आवडायचं, हेही सांगून टाकतो. आता लपवून काय करायचंय!

पहाऱ्यावरचं आमचं एक रोजचं काम होतं. किनाऱ्यावरचं दीपगृह जहाजाच्या नाकापासून अर्ध्या काटकोनात आलं की वेळ टिपायची. या अर्ध्या काटकोनाला आम्ही चार पॉइंट म्हणायचो. मग तेच दीपगृह बरोबर बगलेला आलं की पुन्हा वेळ टिपायची. मधल्या वेळात जहाज जितकं चाललं, तितकंच ते दीपगृह आपल्यापासून लांब. शाळेतल्या त्रिकोणाची गंमत, दुसरं काही नाही. खांदेरी असो, जंजिरा असो, जे पुढे असतं ते बगलेला येतं आणि बगलेचं मागे पडतं. चालत्या जहाजावरून याला अपवाद एकच. जी वस्तू आपल्या अंगावर येत असते, तिचा कोन बदलत नाही.

आता दुसरी गोष्ट. मी रेवदंड्याजवळच्या थेरोंड्याचा कोळी. आईबाप लहानपणीच गेले. मोठी बहीण जनी आणि तिचा नवरा हरेश्वर यांनी मला वाढवलं. "पोराला जाळ्यात गुतवू नका," म्हणून कोळीवाड्याशी भांडून मला अलिबागच्या शाळेत घातलं ते हरेश्वर भाऊजींनीच. पुढे मुंबईत शिकाऊ जहाजावर निवड झाली आणि तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "नागावला नारळी-पोफळीची वाडी आहे." त्या वाडीत मी पुढे विहीर खणली, रहाट बसवला, गडी ठेवले. एकदा जनीबाय सुके बोंबील घेऊन थेट गोदीत आली. माझ्या सोबत्यांनी विचारलं ही कोण, तर मी म्हणालो, "आमच्या वाडीवरची बाई." तिने ते ऐकलं. बोंबील माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "येते, साहेब."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

२

दिवाळी होऊन वीसेक दिवस झाले होते. मंगळूरहून कौलं भरून आम्ही मुंबईकडे निघालो होतो. सकाळचे साडेनऊ, आकाश स्वच्छ, उजवीकडे हरिहरेश्वराचा डोंगर. सुकाणावर दाऊद होता. श्रीवर्धनकडचा पन्नाशीतला माणूस, तोंडात सुपारी आणि बोलणं मोजकं.

डावीकडे चार पॉइंटांवर होडी दिसली. किनाऱ्यापासून इतक्या लांब मच्छीमार होडी नसते. डोलकाठी नव्हती. आणि होडीत कुणीतरी वल्हं उभं धरलं होतं, पातं आकाशाकडे करून.

आमच्या किनाऱ्यावर याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. खाली जाळी असली आणि मोठी बोट अंगावर येत असली तर कोळी फडकं आडवं हलवतात. लांब राहा, असं ते सांगणं. वल्हं पातं वर करून उभं धरलं तर अर्थ वेगळा. आमच्याने आता होत नाही, आम्हाला घ्या.

मी दुर्बीण लावली. दोन माणसं होती. एक उभा, एक बसलेला. ओळखू येतील इतका वेळ मी दुर्बीण धरलीच नाही. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते अक्षरशः सांगतो. थेरोंड्याची माणसं निघाली तर? शिडीवरून वर येतील, भिजलेली, माशाच्या वासाची, आणि सगळ्यांसमोर म्हणतील, "अरं, हा तं आपला चंदर!" बस्स, एवढंच मनात आलं.

"साब," दाऊद म्हणाला, "वल्हा उभा केलाय त्यांनी."

"सुकाणावर लक्ष दे."

तेवढ्यात कप्तान वर आला. स्कॉटलंडचा म्हातारा, पायात सपाता. त्याने होडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "थर्ड, तू याच किनाऱ्याचा ना? काय म्हणतायत ते?"

त्याने खरोखर विचारलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर इंजिन थांबवलं असतं त्याने.

"जाळी आहेत, सर. लांबून जा म्हणतायत."

"मग जा लांबून. बिचाऱ्यांचं नुकसान नको."

मी उजवीकडे वळायचा हुकूम दिला. जहाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मी मागे पाहिलं नाही. नोंदवहीत हवा, वारा, वेग लिहिला आणि बारा वाजता जेवायला गेलो. त्या दिवशी कोंबडी होती, चांगली झाली होती.

३

आठवड्याने थेरोंड्याहून निरोप आला. घरी गेलो तर वाड्यात चुली थंड. हरेश्वर भाऊजी आणि त्यांचा म्हातारा सोबती धर्माजी, दोघं होडी घेऊन गेले ते परतलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता आणि पहाटे मतलई. मतलई म्हणजे जमिनीवरून दर्यात सुटणारा वारा, बिनशिडाच्या होडीला बाहेर ढकलतो.

जनीबाय ओटीवर बसली होती. रडत नव्हती. मला बघताच उठली.

"चंदर, तुमची बोट तवाच खालून आली ना रं?"

"व्हय."

"तू वरतीच उभा असतंस ना? लांबलांबचा बघायचा चष्मा हाय ना तुजेकडं?"

"हाय."

"मंग दिसली न्हाय का तुला?"

मी म्हणालो, "न्हाय गं बाय."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जेव. तुला भूक लागली आसंल." मी हातपाय धुतले आणि जेवलो.

४

डिसेंबरातल्या फेरीत ती होडी पुन्हा दिसली. मी चौल कडूच्या खडकावरच्या मनोऱ्याचे कोन घेत होतो. चार पॉइंटांवर वेळ टिपली, मनोरा बगलेला आला, तेव्हाही टिपली, सगळं रीतीने झालं. मग लक्षात आलं, दुसऱ्या बाजूला, डावीकडे चार पॉइंटांवर, क्षितिजाशी एक काळा ठिपका आहे आणि त्यावर उभी रेघ. मनोरा मागे पडला तरी ठिपका होता तिथेच.

आपल्याच वेगाने समांतर जाणारी एखादी होडी असेल, म्हटलं. पण आम्ही ताशी नऊ मैल जात होतो आणि तिला शीड नव्हतं.

खांदेरीपाशी बंदरात शिरायला आम्ही वळलो. जहाज वळलं तसा किनारा सरकला, दीपगृह सरकलं, सूर्यही एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला. ठिपका तसाच चार पॉइंटांवर. म्हणजे तो समुद्रात नव्हता. तो जहाजाच्या हिशेबात होता, किंवा माझ्या.

मी शिकलेला माणूस. आधी खिडकीच्या काचेवर संशय घेतला, म्हणून बाहेर उघड्यावर जाऊन पाहिलं. मग एकेक डोळा झाकून पाहिलं. कोलंबोला डॉक्टरकडे गेलो. त्याने डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाला, "ठणठणीत आहेत. इतके चांगले डोळे मी वर्षात पाहिले नाहीत." दाऊदला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे काही दिसतं का रे?" त्याने पाहिलं, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काय न्हाय, साब. पानी."

खाई त्याला खवखवे, असं मी मनाला समजावलं. मन खातंय, म्हणून डोळे चाळवतायत. पण रात्रीच्या पहाऱ्यात ती कधीच दिसली नाही, हे मला जास्त लागलं. भुतंखेतं अंधारात यावीत, माणूस घाबरतो आणि विसरतो. ही सकाळी नऊला यायची, लख्ख उन्हात, मी दाढी करून, चहा पिऊन ताजातवाना असताना.

५

मार्चमध्ये ठिपक्याची होडी झाली. एप्रिलमध्ये त्या उभ्या रेघेचं वरचं टोक रुंद आहे हे कळायला लागलं. दुर्बीण माझ्या गळ्यातच असायची. पण ती लावली तर ओळखावं लागलं असतं, म्हणून लावली नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळला. आमचं एवढं मोठं धूड डावीउजवीकडे झोपत होतं, ब्रिजवर पेला टिकत नव्हता. ती होडी मात्र हलत नव्हती. लाटा तिच्या अंगावरून जात नव्हत्या, खालूनही जात नव्हत्या. तिच्याभोवती त्या स्वच्छ सकाळचं पाणी होतं.

मग ती आत आली.

माझ्या केबिनमध्ये एक बिछाना, एक टेबल, एक कपाट. टेबलाशी बसलं की कपाट डावीकडे अर्ध्या काटकोनात यायचं. एका दुपारी पत्र लिहीत होतो. कपाटाच्या बाजूने आवाज आला. चुळुक, चुळुक. लाकडी फळीवर पाणी आपटतं तसा. लोखंडी जहाजाला पाणी लागलं की धाडधाड होतं, ते मला चांगलं माहीत होतं. हा आवाज मी लहानपणी होडीच्या तळाशी झोपून ऐकलेला, भाऊजींच्या पायांशी. मी खुर्ची फिरवली. कपाट समोर आलं आणि आवाज डावीकडे सरकला, दाराकडे. पुन्हा फिरवली, तेव्हा आवाज बिछान्यावरून आला.

जेवणघरात तो चीफ ऑफिसरच्या खांद्यामागून यायचा. माझगावला माझी भाड्याची खोली होती, दुसऱ्या मजल्यावर, तिथे कोनाड्यातून. खाली मटणाची दुकानं, ट्रामची घंटा, भांडणं, आणि कोनाड्यात चुळुक, चुळुक. मी कुणाला सांगणार? सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं, आणि सुरुवात तर नागावच्या वाडीपासून होती.

भीती वाटायची, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त वाटायची. कुणी आपल्याला ओरडून काही म्हणत नाही, शिव्या देत नाही, नुसतं वल्हं उभं धरून वाट पाहतो, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

६

नारळी पौर्णिमेला वाड्याच्या पाटलाने, कोंडाजीने, मला मुद्दाम बोलावलं.

आमच्या वाड्याची एक रीत आहे. दर्यात गेलेल्या माणसाची तिथी कळल्याशिवाय बायकोचा चुडा उतरवत नाहीत. आणि चुडा उतरल्याशिवाय तो माणूस सुटत नाही. जनीबाय दहा महिने तशीच अडकली होती, ना सवाष्णींत ना विधवांत. नारळ घेऊन बायका वाजतगाजत किनाऱ्यावर निघाल्या तेव्हा ती घराच्या मागे एकटी जाळं विणत बसली होती. हातात हिरव्या बांगड्या तशाच, पण कुणी तिला कुंकू लावायला बोलावलं नव्हतं.

"चंदर," कोंडाजी म्हणाला, "तू बंदरात फिरतंस, धा बोटींची मानसा तुला भेटतान. कुनीतरी कायतरी बघला आसंल. यक दिवस कळला तरी पोर सुटंल."

तो दिवस सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होता. दाऊदलाही माहीत होता, पण त्याला कुणी विचारणार नव्हतं.

मी खरं सांगायचं ठरवून आलो होतो, देवाशपथ. बोटीवरून येताना वाक्यं पाठ केली होती. जनीबाय मागल्या दारातून आली, हाताला सुताचे तुकडे चिकटलेले. मी बसलो होतो तिथून डावीकडे समुद्र होता. सजवलेल्या होड्यांच्या मध्ये ती एक न सजवलेली होडी उभी होती, पूर्वी कधी नव्हती इतकी जवळ.

"कळलंय," मी म्हणालो. "दुसऱ्या बोटीवरचा एक दोस्त परवा भेटला. हरिहरेश्वरासमोर त्याने होडी बघितली होती. पालथी."

"पालथी?" जनीबाय म्हणाली.

"व्हय."

"मानसा?"

"न्हाय. कुनी नव्हतं. कार्तिक वद्य पंचमी."

ती खाली बसली. मग माझ्या पायांना हात लावायला वाकली. मोठी बहीण, लहान भावाच्या पायांना! मी पाय मागे घेतले. बायका आल्या, तिला आत नेलं. भिंतीपलीकडे दगडावर काच फुटल्याचा आवाज आला, एकेक करून, सावकाश.

मी समुद्राकडे पाहिलं. होड्या होत्या, नारळ होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती. डावीकडे काहीही नव्हतं. त्या कोनात नुसतं पाणी. कानातला आवाजही थांबला होता. आत बहीण विधवा होत होती आणि बाहेर मला हलकं वाटत होतं. मोकळा श्वास घेतला मी. त्या श्वासाची मला आजही शरम वाटते.

७

दोन फेऱ्या सुखाच्या झाल्या. मी पुन्हा आरशात पाहायला लागलो.

ऑक्टोबरात परत मंगळूरची कौलं. सकाळचे साडेनऊ, आकाश धुतल्यासारखं, उजवीकडे हरिहरेश्वराचा डोंगर. डावीकडे चार पॉइंटांवर होडी, आणि वल्हं उभं.

आली पुन्हा, म्हणून मी तोंड फिरवलं. दहा महिन्यांत दुर्लक्ष करायची चांगलीच सवय झाली होती. मी नकाशावर वाकलो.

"साब," दाऊद म्हणाला. "वल्हा उभा हाय."

मी पेन्सिल खाली ठेवली. दहा महिन्यांत त्याला कधीही काही दिसलं नव्हतं.

मागून सपातांचा आवाज आला. कप्तान येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून. "थर्ड, ती होडी पाहिलीस का? काय पाहिजे त्यांना?"

त्यालाही दिसत होती.

मी दुर्बीण लावली. या वेळी ती धरून ठेवली. माणूस एकच होता, उभा. बसलेला कुणी नव्हता. उन्हाने काळा झालेला, दाढी छातीपर्यंत, अंगावर काही नाही. अकरा महिने समुद्रात माणूस जगत नाही, हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. दुसराच कुणी गरीब असेल, दुसऱ्याच गावचा, आदल्या दिवशी वाऱ्यात सापडलेला. असेलही. मी तर शपथ घेऊन सांगू शकत नाही.

पण तेव्हा मी याचा विचार करत नव्हतो. माझ्या मनात आलं ते असं. हा वर आला तर? हा घरी गेला तर? दारात जनी उभी असेल, मोकळ्या हातांची. आणि हा वाड्याला सांगेल, होडी पालथी नव्हती, आम्ही जिवंत होतो, बोट आली होती, बोट वळली.

"थर्ड?"

दुर्बिणीतला माणूस माझ्याकडे बघत होता. जहाजाकडे नाही, माझ्याकडे. त्याचं तोंड हललं नाही. मी अजून बोललोही नव्हतो, जहाज सरळच चाललं होतं, आणि त्याने हळूच, हात भरून आल्यासारखं, वल्हं खाली घेतलं. आडवं ठेवलं. आणि बसला.

"जाळी आहेत, सर," मी म्हणालो. "लांबून जाऊ."

सुकाण फिरवायचा हुकूम मला दोनदा द्यावा लागला. दाऊदने तो पाळला. मुंबईला तो उतरला तेव्हा सलाम न करता गेला, आणि पुन्हा माझ्या जहाजावर आला नाही. होडी त्या दिवशी बगलेला आली, मग मागे पडली, इतर सगळ्या वस्तू पडतात तशी. त्यानंतर मला ती कधी दिसली नाही.

याला आता तीस वर्षं झाली. मी पुढे कप्तान झालो, निवृत्त झालो. जनीबाय थेरोंड्यालाच आहे, तिला डोळ्यांनी कमी दिसतं. दरवर्षी कार्तिक वद्य पंचमीला ती भाऊजींचं पान वाढते आणि मला बोलावणं करते. कावळ्याला घास ठेवला की दुसरं पान माझं. कोंडाजी होता तोवर तो म्हणायचा, आधी पाटलाला वाढायची रीत हाय. तर ती त्याला म्हणायची, "तिथी यानं आनली. यानं आनली न्हाय तं मी अजून वाट बघत बसली असती."

मग माझ्यासमोर बसून ती विचारते, "पुरला का रं? आजून घाल?"

मी म्हणतो, घाल.